बंदूक ‘वापरली’ म्हणजे नेमकं काय केलं? एका इंग्रजी क्रियापदाचं प्रकरण

जॉन अँगस स्मिथ आणि त्याचा साथीदार टेनेसीहून फ्लोरिडात आले ते कोकेन विकत घ्यायला. माल स्वस्तात उचलायचा आणि नफा घेऊन पुढे विकायचा, एवढाच बेत होता. तिथल्या ओळखीच्या एका बाईने त्यांना थोडं कोकेन मिळवूनही दिलं. मग मंडळी तिच्या मोटेलच्या खोलीत जमली, एक अमली पदार्थांचा विक्रेताही आला, आणि बोलणं स्मिथच्या बंदुकीवर घसरलं. बंदूक साधी नव्हती. ती मॅक-१० होती, फेरफार करून स्वयंचलित केलेली. अशी बंदूक मिनिटाला हजाराहून जास्त गोळ्या झाडू शकते.

ती बाई पोलिसांची खबरी निघाली. ब्रॉवर्ड काउंटीच्या शेरीफच्या कचेरीने आपला एक माणूस गहाणवटीचा दुकानदार बनवून स्मिथकडे पाठवला. स्मिथने काळ्या कॅनव्हासच्या पिशवीतून बंदूक काढून त्याला दाखवली. काय घेणार, असं विचारल्यावर त्याने पैसे मागितले नाहीत, दोन औंस म्हणजे साधारण ५७ ग्रॅम कोकेन मागितलं. ‘दुकानदार’ म्हणाला, मी त्या धंद्यातला नाही, पण बघतो, तासाभरात येतो. तो अटकेची तयारी करायला गेला आणि स्मिथला दम निघेना. पिशवी उचलून तो गाडीत बसला आणि निघाला. पोलीस मागे लागले, भरधाव पाठलाग झाला, शेवटी तो सापडला. गाडीत मॅक-१०, सायलेन्सर आणि काडतुसं होती, शिवाय एक मॅक-११ आणि आणखी दोन पिस्तुलं. कमरेला भरलेलं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल होतं ते वेगळंच.

म्हणजे माणूस निरपराध होता, असा या प्रकरणात कोणाचाच दावा नाही. प्रश्न फक्त एवढाच होता, की त्याने ती मॅक-१० ‘वापरली’ का.

एका शब्दावर तीस वर्षं

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात कलम ९२४(सी)(१) आहे. अमली पदार्थांच्या व्यापाराच्या गुन्ह्याच्या वेळी आणि त्या गुन्ह्याच्या संबंधात जो बंदूक ‘यूज’ करतो किंवा ‘कॅरी’ करतो, त्याला मूळ गुन्ह्याच्या शिक्षेवर आणखी शिक्षा, असं ते सांगतं. त्या वेळच्या तरतुदीनुसार साध्या बंदुकीला पाच वर्षं होती. मशीनगन किंवा सायलेन्सर लावलेली बंदूक असेल तर थेट तीस. ही शिक्षा सक्तीची होती. न्यायाधीशाला वाटलं म्हणून ती कमी करता येत नव्हती.

कमरेचं भरलेलं पिस्तूल ‘कॅरी’त सहज बसलं असतं, पण त्याने पाचच वर्षं वाढली असती. तीस वर्षं हवी असतील तर मॅक-१० धरायला हवी होती, आणि आरोपपत्रात तिच्यासमोर क्रियापद होतं ‘यूज’. स्मिथने ती बंदूक झाडली नव्हती, कोणावर रोखली नव्हती, तिचा धाकही दाखवला नव्हता. त्याने ती सौद्यात पुढे केली होती. खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली आणि कायम केली. पण दुसऱ्या एका अपिली न्यायालयाने तशाच प्रकरणात उलटा कौल दिलेला होता, म्हणून मामला वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात गेला. १ जून १९९३ रोजी निकाल लागला. सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं, की बंदूक देऊन कोकेन मागणं म्हणजे बंदूक ‘वापरणं’च.

बहुमताचा निकाल सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिला. त्यांची सुरुवात शब्दकोशापासून होते. वेबस्टरमध्ये ‘यूज’चा अर्थ एखादी गोष्ट आपल्या कामी लावणं असा दिलेला आहे. ब्लॅकच्या विधिकोशात आणि एकोणिसाव्या शतकातल्या एका निकालातही तसंच आहे. स्मिथने बंदूक कोकेन मिळवण्याच्या कामी लावली, मग तो वापर नाही तर काय? आरोपीचे वकील म्हणत होते की ‘वापर’ म्हणजे शस्त्र म्हणून वापर. त्यावर ओकॉनर यांचं उत्तर सरळ आहे: ‘शस्त्र म्हणून’ हे शब्द कायद्यात कुठेच नाहीत. असा अर्थ घेतला तर बंदुकीने डोकं खाजवणाराही अडकेल, ही शंका त्यांनी ‘गुन्ह्याच्या संबंधात’ या शब्दांवर टाकून सोडवली. डोकं खाजवण्याचा गुन्ह्याशी संबंध नसतो, त्यामुळे तो खाजवणारा सुटतो.

भिन्नमत अँटनिन स्कॅलिया यांचं होतं. जॉन पॉल स्टीव्हन्स आणि डेव्हिड सूटर त्यांच्या बाजूने होते. त्यातलं एक उदाहरण अमेरिकेतल्या विधी महाविद्यालयांत आजही पाठ असतं. तुम्ही काठी वापरता का, असं कोणी विचारलं, तर तुमच्या घरात आजोबांची चांदीच्या मुठीची काठी शोभेला ठेवली आहे का, हे त्याला जाणून घ्यायचं नसतं. तुम्ही काठी टेकत चालता का, हे तो विचारत असतो. तसंच बंदूक ‘वापरली’ म्हटलं की ती ज्यासाठी बनली आहे त्यासाठी वापरली, असंच कोणीही समजतो.

बहुमताने ही काठी तशीच उचलून परत फेकली. अमेरिकेच्या इतिहासातला काठीचा सर्वांत कुप्रसिद्ध वापर चालण्यासाठी नव्हताच, असं ओकॉनर लिहितात. १८५६ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर चार्ल्स समनर यांना सिनेटच्या सभागृहात काठीने बेदम मारण्यात आलं होतं, त्याचा हा संदर्भ. इंग्रजीत ‘केन’ हे मारण्याचं क्रियापदच होऊन बसलं आहे, हेही त्या सांगतात. उत्तर चटपटीत आहे, पण मला ते मुद्द्याला धरून वाटत नाही. समनर यांच्या बाबतीतही काठी ‘वापरली’ एवढंच म्हणून कोणी थांबणार नाही. कशासाठी वापरली ते सांगावंच लागेल. चालायला वापरली तर मात्र काही सांगावं लागत नाही. न सांगता जो अर्थ कळतो तो रोजचा, आणि जो मुद्दाम सांगावा लागतो तो अधूनमधूनचा. स्कॅलिया यांनी तळटीपेत हेच सुनावलं: एखादा शब्द कसा वापरता येतो आणि तो एरवी कसा वापरला जातो, यातला फरक बहुमताच्या ध्यानात येत नाहीये.

क्रियापद पोकळ, भार कर्मावर

इथे थोडं थांबायला हवं. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात ‘सेट’, ‘रन’ यांच्या खाली अर्थांची शेकड्यांनी रांग आहे. त्यांच्या तुलनेत ‘यूज’ अगदी साधा, गरीब शब्द वाटतो. पण त्याची गोम वेगळीच आहे. ‘रन’ला निदान धावण्याचं चित्र तरी आहे, ‘यूज’ला कसलंच नाही. कात्री ‘यूज’ केली म्हणजे कापलं, तेल ‘यूज’ केलं म्हणजे संपवलं, रस्ता ‘यूज’ केला म्हणजे त्यावरून गेलो आणि तो तिथेच राहिला. माणसाला ‘यूज’ केलं म्हणजे स्वार्थ साधून टाकून दिलं. गाडी ‘यूज्ड’ असेल तर ती जुनी, दुसऱ्याने चालवलेली. ‘यूज्ड टू’ म्हटलं की तोच शब्द एकीकडे पूर्वीची सवय सांगतो आणि दुसरीकडे अंगवळणी पडणं. आणि कर्मच काढून टाकलं, नुसतं ‘ही यूजेस’ म्हटलं, तर अमेरिकन कानाला ऐकू येतं की हा नशा करतो. कोकेनच्या खटल्यात हाच शब्द उभा राहावा, हा योगायोग मोठा खट्याळ आहे.

म्हणजे कृती कोणती हे क्रियापद सांगतच नाही, ते कर्म सांगतं. कोशकाराने या सगळ्यासाठी ‘कामी लावणं’ असा मोठा तंबू ठोकला, तर त्यात त्याची चूक नाही. सगळे प्रकार एका छपराखाली आणणं हेच त्याचं काम. पण कोशाच्या नोंदीत शब्द काय काय पेलू शकतो एवढंच दिसतं. अमुक कर्म पुढे आलं की ऐकणाऱ्याला पहिलं काय सुचतं, ते तिथे लिहिलेलं नसतं. मराठीतही वेगळं नाही. ‘त्याने बंदूक वापरली’ ऐकलं की आपल्याला गोळीचा आवाज ऐकू येतो. बंदुकीच्या बदल्यात माल घेणाऱ्याबद्दल आपण ‘बंदूक वापरली’ म्हणणार नाही, ‘बंदूक दिली’ म्हणू.

बोलीच्या कसोटीवर, माझ्या मते, स्कॅलिया बरोबर होते. आणि तरीही ओकॉनर यांच्या निकालात एक मुद्दा असा आहे की तो सहज झटकता येत नाही. लोक काठीतच अडकतात, म्हणून तो मागे पडतो. त्याच कायद्यात जरा खाली पोटकलम (डी) आहे, बंदुका जप्त करण्याबद्दलचं. काही ठरावीक गुन्ह्यांत ‘वापरण्याचा’ इरादा असलेली बंदूक सरकारजमा करता येते, असं ते म्हणतं. मग त्या गुन्ह्यांची यादी येते, आणि यादीत बंदुकांची बेकायदा विक्री आणि वाहतूक आहे. त्या गुन्ह्यांत बंदूक चालत नाही, ती विकली जाते. म्हणजे खुद्द कायदेमंडळानेच शेजारच्या ओळीत ‘यूज’ हा शब्द मालाची देवघेव या अर्थाने घातलेला होता. तिथला अर्थ तिथल्या यादीमुळे ताणला गेला आहे, तो इथे आणायचं कारण नाही, असा स्कॅलिया यांचा सूर. मला तो काठीइतका पक्का वाटत नाही. एकाच कलमात एकच शब्द दोन अर्थांनी वाचायचा तर त्याला काही तरी कारण दाखवायला हवं.

ओकॉनर यांचं आणखी एक वाक्य भाषेबद्दलचं नाही, व्यवहाराबद्दलचं आहे. सौद्यात चलन म्हणून आणलेली बंदूक क्षणात तोफ होऊ शकते, असं त्या म्हणतात. ते खरंच आहे. पण त्याने कायदा असा का असावा एवढंच कळतं. कायद्यातल्या शब्दाचा अर्थ त्यावरून ठरत नाही.

चाकूचा धाक

हा प्रश्न आपल्याकडे आधीच येऊन गेला होता. २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड विधानाच्या कलम ३९७ नुसार जबरी चोरी करताना अपराधी प्राणघातक शस्त्र ‘यूजेस’ करत असेल तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देता येत नव्हती. मराठी वर्तमानपत्रात अशी बातमी ठरलेल्या शब्दांत येते: चाकूचा धाक दाखवून लुटलं. साक्षीदारही कोर्टात मराठीत तेच सांगतो, ‘त्याने चाकू दाखवला.’ भोसकलं नाही, खरचटलंही नाही. प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेलं की वाद मात्र इंग्रजी ‘यूजेस’वर सुरू होतो. दाखवणं म्हणजे वापरणं का?

१९७५ च्या फूलकुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हो म्हटलं. तिथे पेट्रोल पंपावरची लूट होती आणि आरोपीच्या हातात चाकू होता. न्यायालयाने शेजारचं कलम ३९८ पाहिलं. लुटीचा नुसता प्रयत्न करणारा शस्त्रासह असला, तरी त्यात किमान सात वर्षंच होती. मग लूट पुरी करणाऱ्याला तेवढीच शिक्षा व्हायला प्रत्यक्ष वार करावा लागतो असं मानलं, तर प्रयत्न फसलेला माणूस जास्त सहज अडकेल. ही विसंगती टाळायची तर बळीला दिसेल असं, त्याच्या मनात दहशत बसेल असं शस्त्र हातात धरणं हाही ‘वापर’च मानायला हवा. खिशात लपलेला चाकू मात्र यात येत नाही.

दोन देश, दोन कायदे, अठरा वर्षांचं अंतर, आणि दोन्हीकडे निर्णायक आधार शेजारच्या तरतुदीत सापडला. फरक इतकाच, की आपल्या न्यायालयाचा निष्कर्ष बोलीभाषेशीही जुळतो. चाकू दाखवून पैसे काढून घेणाऱ्याने चाकू वापरला, असं कोणीही म्हणेल. स्मिथच्या बाबतीत तसं होत नाही, म्हणूनच त्या निकालाची टोचणी राहिली.

पुढची चौदा वर्षं

ती टोचणी पहिल्यांदा दिसली १९९५ मध्ये, बेली खटल्यात. दोन आरोपी होते. एकाचं भरलेलं पिस्तूल गाडीच्या डिकीत होतं, दुसरीचं रिकामं पिस्तूल कपाटातल्या कुलूपबंद पेटीत. सरकारी पक्ष म्हणाला, हाताशी ठेवलं म्हणजे वापरलं. या वेळीही निकाल ओकॉनर यांनीच लिहिला, पण एकमताने आणि उलट्या दिशेने. वापर म्हणजे सक्रिय वापर, असं ठरलं. झाडणं, रोखणं, दाखवणं, बंदुकीने मारणं हे सगळं वापरात येईल, आणि सौद्यात देणंही. नुसतं ठेवणं येणार नाही. ‘घराच्या रक्षणासाठी मी बंदूक वापरतो, पण ती वापरायची वेळ कधी आली नाही’ हे वाक्य त्यांनी उदाहरणादाखल दिलं. एकाच वाक्यात एकच क्रियापद दोनदा, दोन अर्थांनी, आणि वाक्यात चूक काढता येत नाही. मला विचाराल तर या सगळ्या निकालांत शब्दाचा स्वभाव सर्वांत नेमका याच वाक्यात पकडला गेला आहे.

‘यूज’ आवळल्यावर सरकारी वकील ‘कॅरी’कडे वळले. १९९८ च्या मस्करेलो खटल्यात ट्रकच्या कुलूपबंद कप्प्यातली बंदूक ‘कॅरी’ केली म्हणायची का, हा वाद पाच विरुद्ध चारवर गेला. स्टीव्हन ब्रेयर यांनी बायबल आणि जुन्या कादंबऱ्या धुंडाळल्या, वर्तमानपत्रांच्या संगणकीय साठ्यात ‘कॅरी’, ‘गाडी’, ‘शस्त्र’ असे शब्द एकत्र शोधले आणि हो म्हटलं. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमतात दूरचित्रवाणीवरच्या मालिकेतला संवादही पुरावा म्हणून आणला. गंमत म्हणजे शब्द एरवी कसा वापरला जातो, हे मोजून पाहण्याची कल्पना या निकालात पहिल्यांदा नीट आली, आणि ती आणली बहुमताने. स्कॅलिया गिन्सबर्ग यांच्या बाजूला होते.

त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कलमात तिसरं क्रियापद घातलं: गुन्हा पुढे नेण्यासाठी जो बंदूक ‘पझेस’ करतो, म्हणजे ताब्यात ठेवतो, तोही दोषी. ‘यूज’वरचा बराच ताण यामुळे गेला. पण आधीच्या प्रश्नाचा अर्धा भाग उरलाच होता. बंदूक देणाऱ्याने ती वापरली, मग घेणाऱ्याने?

वॉटसन नावाच्या माणसाने ऑक्सिकॉन्टिन या नशेसाठीही घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधाच्या २४ मात्रा देऊन पॉइंट पन्नास कॅलिबरचं पिस्तूल घेतलं. समोरचा बंदूकविक्या इथेही पोलीसच होता. हे पिस्तूल कशाला हवं होतं, तर आपल्या बाकीच्या बंदुका आणि माल सांभाळायला, असं त्याने नंतर सांगितलं. डिसेंबर २००७ मध्ये न्यायालयाने एकमुखाने म्हटलं, की घेणाऱ्याने बंदूक वापरली असं होत नाही. निकाल लिहिला सूटर यांनी, १९९३ मध्ये स्कॅलिया यांच्यासोबत अल्पमतात गेलेल्या त्याच सूटर यांनी. त्यांचं उदाहरण शाळकरी पोराचं आहे. सफरचंद देऊन ग्रॅनोला बार मिळवणाऱ्या मुलाने सफरचंद वापरलं असं म्हणता येईल, पण त्याने ग्रॅनोला बार वापरला असं कोणी म्हणालं तर सौदा कोणत्या दिशेने झाला हे ऐकणाऱ्याला कधीच कळणार नाही.

स्मिथचा निकाल मात्र त्यांनी हलवला नाही. गिन्सबर्ग १९९३ च्या निकालानंतर न्यायालयावर आल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यावर जुन्या मताचं ओझं नव्हतं. वेगळ्या टिपणात त्यांनी टोला हाणला, की बंदुकांच्या बाबतीत देण्यापेक्षा घेणं बरं, असा आजच्या निकालाचा अर्थ होतो. देणं वापर आणि घेणं वापर नाही, ही उभी रेघ त्यांना पटत नव्हती. स्मिथचाच निकाल रद्द करा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना दुसरं मत मिळालं नाही.

तेव्हा आज दोन्ही निकाल शेजारी शेजारी उभे आहेत. बंदूक देऊन माल मागणारा बंदूक ‘वापरतो’, माल देऊन बंदूक घेणारा ‘वापरत’ नाही. सरकारी वकिलांचं यामुळे फारसं अडत नाही. घेणाऱ्यावर ते ‘पझेस’ लावतात, आणि अनेक अपिली न्यायालयांनी ते मान्यही केलं आहे.